आत पाठवण्याआधी परतीचं ठरवा

मी अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता नवी मुंबईच्या रबाळे-महापे भागात कारखान्यांच्या इमर्जन्सी टीमना आणि अधूनमधून नव्या सब ऑफिसरना शिकवायला जातो. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, अशा आगीवर पाणी कसं मारायचं?" ते तुमच्या लीडिंग फायरमनला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. इन्चार्ज म्हणून उतरलात की तुमच्याकडे तीन निर्णय असतात. कोणाला आत पाठवायचं, कशासाठी पाठवायचं आणि काय दिसलं की बाहेर बोलवायचं. यातलं तिसरं सगळ्यात आधी ठरवा. पोरं आत गेली, मालक रडायला लागला, की ते ठरवायला डोकं ताळ्यावर राहत नाही.

सुरुवात वर्दीपासून, म्हणजे आगीची खबर देणाऱ्या फोनपासून. काय जळतंय एवढंच विचारून फोन ठेवू नका. "आत माणूस आहे का?" आणि "तुम्ही कुठे उभे आहात?" हे दोन्ही विचारा. गेटवरून बोलणारा आणि ऐरोलीच्या गॅलरीतून धूर बघून फोन करणारा, दोघांच्या बोलण्याला सारखं वजन नाही. गाडीत बसल्या बसल्या वाऱ्याचा विचार करा. टीटीसीच्या, म्हणजे आपल्या या औद्योगिक पट्ट्याच्या, एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रोड आणि त्यापलीकडे खाडी. उन्हाळ्यात दुपारी वारा बहुतेक वेळा खाडीकडून येतो, म्हणजे धूर डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर. रात्री उशिरा तो मंदावतो, उलटाही फिरतो, आणि मग तोच धूर घणसोली-कोपरखैरण्याकडे उतरतो. दुपारी बरोबर लावलेली गाडी रात्री धुरात सापडते ती अशी. झेंडा दिसला नाही तर चिमूटभर माती उडवून बघा.

पोचल्यावर ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी, हातात घ्यायची नाही. वर्षानुवर्षं ब्रांच धरलेल्या हाताला खाज सुटते, कळतं मला. तरी आधी इमारतीला फेरी मारा. चारही बाजू जमत नसतील तर जेवढ्या जमतील तेवढ्या, आणि मागच्या बाजूला एक भरवशाचा माणूस वॉकीटॉकी देऊन पाठवा. धुराचा रंग बघून गर्दी लगेच "केमिकल आहे" म्हणते. टायर, फोमच्या गाद्या, प्लास्टिकचे दाणे, सगळ्यांचा धूर काळाच. तुम्ही धुराचा जोर बघा. बंद गाळ्याच्या शटरच्या फटीतून धूर ढकलल्यासारखा बाहेर येतोय, मधेच आत ओढला जातोय, काच तपकिरी झालीय आणि ज्वाळा मात्र दिसत नाहीत, तर शटरला हात लावू देऊ नका. आत हवेची वाट बघत बसलेली आग आहे. आधी वरून वाट काढून धूर आणि गरम वायू बाहेर सोडा, पाण्याने भरलेल्या होजच्या लाइनी तयार ठेवा आणि दाराच्या समोर कोणी उभं राहू नका.

टँकर असेल तर लांबूनच पाटी वाचा. पाटीवर यूएन नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. वर आकडा-अक्षरांचा कोड असतो. कोडच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर माणसं हलवायचा विचार तिथेच सुरू करायचा, वरिष्ठ येईपर्यंत थांबायचं नाही.

मग खरा प्रश्न, आत कोण आहे. एकदा रात्री एका गोडाऊनवर चार जण चार गोष्टी सांगत होते. माझा लीडिंग फायरमन धावत आला.

"साहेब, आत वॉचमन झोपतो म्हणतात."

"कोण म्हणतं? त्याला माझ्यासमोर आण."

म्हणणारा शेजारच्या गाळ्यातला निघाला, त्याने वॉचमनला संध्याकाळी पाहिलं होतं. पण मागच्या बाजूच्या छोट्या दाराबाहेर चपलांचा जोड होता आणि खिळ्याला डब्याची पिशवी लटकत होती. त्या चपलांवर मी दोन माणसं आत पाठवली, तोंडी बातमीवर पाठवली नसती. वॉचमन मिळाला, धुराने अर्धवट शुद्धीत. चपला, बाइक, हजेरीचं रजिस्टर, चार्जिंगला लावलेला मोबाइल, हे पुरावे शोधायची सवय लावा.

जिवंत माणूस वाचण्याची खरी शक्यता असेल तर मोठी जोखीम घ्यायची, तीही बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क), पाण्याची लाइन आणि बाहेर राखीव जोडी असेल तर. मालासाठी जोखीम थोडी आणि मोजून. आणि जे आधीच गेलंय त्यासाठी काहीही नाही, एका फायरमनचा हातसुद्धा भाजता कामा नये. रिकाम्या, पेटलेल्या शेडमध्ये आत शिरून "ॲटॅक" करणारा अधिकारी मला शूर वाटत नाही.

बीए सेटचा हिशेब मात्र बोटांवर हवा. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरलेला म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, पण ते कागदावर. होज ओढत जिना चढणारा घामाघूम माणूस ६० लिटरही सहज ओढतो, म्हणजे अर्धा तास, आणि त्यातही हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजल्यानंतरची हवा कामासाठी धरायचीच नाही. शिट्टी साधारण ५० बारच्या आसपास वाजते आणि ती वाजते तेव्हा माणूस बाहेर असायला हवा. समजा २८० बारवर आत गेला आणि आगीपाशी पोचला तेव्हा २२० उरले. जायला ६० लागले. परतायला तेवढेच ६०, त्यावर शिट्टीचे ५० आणि थोडी शिल्लक, म्हणजे १२० ला वळायचं. जोडीत ज्याचा गेज कमी, त्याच्या गेजवर दोघांनी वळायचं. हे आकडे दारात उभ्या असलेल्या बीए कंट्रोलवाल्याच्या बोर्डवर हवेत, आत गेल्याची वेळ टाकून. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर वर्दी असेल तर सेट घालून जिना चढवू नका. फायर लिफ्ट सुरक्षित असेल तर आगीच्या दोन मजले खाली उतरा, तिथे मास्क लावा. नाहीतर निम्मी हवा जिन्यातच जाईल.

बाहेर काढायच्या खुणा आधीच सगळ्यांना तोंडी सांगा. पत्र्याच्या शेडचं लोखंड ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं. छप्पर पोटात गेल्यासारखं वाकलं, भिंत फुगली, प्लास्टर आपोआप सुटायला लागलं की सगळे बाहेर, भिंतीच्या उंचीच्या दीडपट लांब. गॅसच्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढत गेला किंवा टाकीचा रंग उडायला लागला तर मॉनिटर, म्हणजे पाण्याची तोफ, तशीच चालू सोडून पळायचं. गाडीचा हॉर्न लांब वाजवून सगळ्यांना बोलवायचं ठरवलं असेल तर तो हॉर्न इतर कशासाठीही वाजवू द्यायचा नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. अनुभव कमी होता असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणू शकत नाही. म्हणूनच अनुभवाच्या भरवशावर राहू नका, खूण दिसली की बाहेर.

आणि शब्द एकाचाच चालला पाहिजे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापूस होता आणि हजारावर टन स्फोटकं. दुपारी आग लागली. जहाज तिथेच बुडवावं, बाहेर न्यावं की पाणी मारत राहावं, यावर जाणकार बोलत राहिले आणि चारच्या सुमारास ते उडालं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपण एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळतो तो त्यांच्याच आठवणीत. आपल्याकडे डॉक नाही, पण गेटवर कंपनीचा मॅनेजर, एमआयडीसीची गाडी, पालिकेची गाडी, पोलीस आणि नगरसेवक एकाच वेळी बोलत असतात. कमांड पोस्ट कुठे आहे ते वायरलेसवर सांगा, तिथून हलू नका. वरिष्ठ आले तर काय केलं, कोण आत आहे, कधी बाहेर येणार, एवढं सांगून चार्ज द्या आणि तसं सगळ्यांना वायरलेसवर कळवा. माल वाचवा म्हणून मागे लागलेल्या मालकाला लेआउट काढायला बसवा. त्याला काम मिळतं, तुम्हाला नकाशा.

मदत लवकर मागवा. शंका आली की आणखी एक बंब आणि फोम टेंडर (फेस मारणारी गाडी) बोलवा. नको असेल तर परत पाठवता येतो, संध्याकाळी साडेसहाला ठाणे-बेलापूर रोडवरून हवा तेव्हा आणता येत नाही. दर वीस मिनिटांनी स्वतःला विचारा, आग आपल्या अंदाजाप्रमाणे चाललीय का. नसेल तर योजना बदला. आपण बदललो तर लोक काय म्हणतील, हा विचार घरी जाऊन करा.

आग विझून कुलिंग सुरू झालं की पोरं मास्क काढतात. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, गॅस मीटर हवा साफ दाखवेपर्यंत मास्क काढू देऊ नका. जुनी जोडी बदला, पाणी पाजा. स्टॉप मेसेज (आता आणखी मदत नको हा निरोप) देण्याआधी बोर्डवरच्या टॅली, म्हणजे आत गेलेल्यांच्या नावाचे बिल्ले, मोजा आणि प्रत्येक नावाला तोंडाने उत्तर घ्या. टॅली भरली पण एक माणूस गाडीमागे चहाला गेलाय, असं चालत नाही. त्याला हाक मारून समोर बोलवा, मगच वायरलेस उचला.