पोलीस ठाण्याचं रेकॉर्ड सांभाळायचंय? मंग आधी गठ्ठे सोडा

आपल्याकडं संभाजीनगरला काय नि नांदेडला काय, रेकॉर्ड रूमला बदली म्हणलं की लोक तोंड वाकडं करतेत. पण काम नीट लावलं तर सोपंय. आधी अ, ब, क, ड वर्गवारी करा. अ म्हणजे कायम ठेवायचं, ब 30 वर्षं, क त्याहून कमी, ड वर्षभर, आणि ड चा ढीगच सगळ्यात मोठा निघतो बगा, तो नियमानं मंजुरी घेऊन नष्ट केला की अर्धी खोली मोकळी. निजामकाळातलं उर्दू कागद दिसलं तर वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका, जाणकाराला दाखवा.

आता पैसा. नकलेची फी सरकारी तिजोरीत जाती, ठाण्याला त्यातलं काही भेटत नाही, आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत तर फुकटच द्यायची असती. म्हणून रॅक, स्कॅनर, वाळवीचं औषध ह्याची मागणी फोटोसकट आयुक्तालयाच्या नायतर एसपी ऑफिसच्या बजेटात वेळेत घाला, नायतर जिल्हा नियोजन समितीकडं प्रस्ताव द्या. मार्चच्या शेवटी पळापळ करून उपयोग नाही. आणि सीसीटीएनएसवर (पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर) नोंद झाली म्हणून मूळ कागद फेकायचा नसतो, कोर्ट कधी मागंल सांगता येत नाही.