कम्पाइल फेल झालं? आधी माऊसवरचा हात काढा

कम्पाइल, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनसाठी तयार करणं, फेल झाल्यामुळे प्रोजेक्ट गेलं, असं मी आजवर पाहिलेलं नाही. प्रोजेक्ट जातं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात, आणि घालवतो आपणच. टीआयए पोर्टल म्हणजे सीमेन्सच्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. त्यात एरर असताना पीएलसीत डाउनलोड होतच नाही. म्हणजे पॅनेलमधला पीएलसी, एस७-१५००, कालचाच प्रोग्रॅम शांतपणे चालवत असतो. मशीन फिरतंय, माल निघतोय. घाम फुटलेला असतो तो फक्त लॅपटॉपसमोरच्या माणसाला.

लाल दिसेल ते उडवणं

या सवयीपायी माझ्या किती रात्री गेल्यात, मोजणं सोडलंय. चाकणच्या एका पॅकिंग लाइनवरून रात्री साडेअकराला फोन आला. पोरगा नवा, आवाजात चक्क आनंद. "सर, १४३ एरर होत्या, ६० वर आणल्यात."

कशा आणल्यास बाबा?

"लाल होते ते ब्लॉक डिलीट केले."

वर सेव्हही मारलं होतं.

मुळात भानगड एवढीशी होती. मोटरच्या यूडीटीत (आपणच बनवलेला डेटाचा साचा) वेगाचा टॅग इंट (पूर्णांक) होता, दशांश हवा म्हणून याने तो रिअल (दशांशाचा) केला. ती यूडीटी २८ मोटरींना लावलेली, आणि प्रत्येकीचा वेग कुठे ना कुठे इंटच्या बेरजेत, तुलनेत, मूव्हमध्ये जात होता. रिअल काही इंटमध्ये आपोआप मावत नाही. चूक एक, लाल फुल्या १४३. टॅग परत इंट करून कम्पाइल मारला असता तर पाच मिनिटांत मोकळा झाला असता.

मी एररची यादी वरून खाली वाचत नाही. आधी यूडीटी बघतो, मग डीबी (व्हॅल्यू ठेवणारे डेटा ब्लॉक), मग एफबीचा (फंक्शन ब्लॉकचा) इंटरफेस, ओबीतले (मुख्य प्रोग्रॅमच्या ब्लॉकमधले) कॉल सगळ्यात शेवटी. एक दुरुस्ती केली की 'सॉफ्टवेअर रिबिल्ड ऑल' आणि एररचा आकडा वहीत. आकडा धाडकन उतरला तर मूळ सापडलं. एकेकाने कमी होत असेल तर आपण भलतीकडेच खणतोय. वहीला लोक हसतात. हसू देत.

आता ब्लॉकच गेल्यावर वाट उरली एक: सीपीयूतून अपलोड, म्हणजे पीएलसीतला प्रोग्रॅम परत लॅपटॉपवर घेणं. एस७-१२०० आणि १५०० मध्ये टॅगची नावं आणि कॉमेंट सीपीयूतच असतात, म्हणून हे निभावतं. जुन्या एस७-३०० वर कॉमेंट नाहीत, नावं नाहीत, नुसते एम १०.३ सारखे मेमरीचे पत्ते आणि डीबीचे नंबर वाचत बसा. पण आमचा पोरगा त्याच बिघडलेल्या प्रोजेक्टवर अपलोड मारायला निघाला होता! तसं केलं की त्या दिवसाचं ऑफलाइन केलेलं जे थोडंफार उरलंय, तेही पुसलं जातं. फोनवरूनच ओरडून थांबवला आणि गाडी काढली.

रिकामं नवं प्रोजेक्ट उघडायचं, त्यात 'अपलोड डिव्हाइस ॲज न्यू स्टेशन' करायचं, आणि बिघडलेलं प्रोजेक्ट रेफरन्स प्रोजेक्ट म्हणून बाजूला लावायचं. मग हवे तेवढेच ब्लॉक ओढून घ्यायचे. एचएमआयचे (ऑपरेटरच्या डिस्प्लेचे) स्क्रीन सीपीयूत नसतात, त्यामुळे ते जुन्या प्रोजेक्टमधूनच आणायचे. ते तरी त्याने डिलीट केले नव्हते, नशीब.

लहान चुका

एफबीचा इंटरफेस बदलल्यावर कॉल लाल होतो. तो काढून नव्याने टाकू नका, राइट क्लिक करून अपडेट करा. नव्या कॉलला न बघता ओके केलं तर नवा इन्स्टन्स डीबी (त्या कॉलच्या व्हॅल्यूंचा डीबी), आणि जुन्यातल्या व्हॅल्यूंना रामराम.

रिबिल्डच्या शेजारी 'रीसेट मेमरी रिझर्व्ह' दिसतं. दिसू दे, हात लावू नका.

नो-हाऊ प्रोटेक्शन (पासवर्डचं कुलूप) लावलेला ब्लॉक कम्पाइलमध्ये अडकला आणि पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे आहे? त्याला फोन करा. दुसरा उपाय शोधण्यात रात्र घालवू नका.

"बॅकअप पाठवलाय" म्हणून मला मेलवर नुसती डॉट एपी१७ फाइल येते, काही केबीची. अरे, ती दारावरची पाटी आहे. घर आहे सिस्टिम फोल्डरमधल्या पीईडेटा फाइलमध्ये. प्रोजेक्ट मेनूतून आर्काइव्ह करा, एकच झॅप फाइल मिळते. मी कम्पाइल फेल झालं की पहिलं कामच ते करतो, एररसकट. बिघडलेल्या अवस्थेचीही प्रत लागते.

आणि 'नव्या व्हर्जनमध्ये उघडून बघू, कदाचित होईल' हा जुगार साईटवर नको. व्ही१६ चं प्रोजेक्ट व्ही१७ मध्ये अपग्रेड झालं की ती अपग्रेड झालेली प्रत व्ही१६ मध्ये परत उघडत नाही.

शून्य एरर बघून लोड दाबणं

त्याच रात्रीची पुढची गोष्ट. पहाटे तीनला एरर शून्य. वेगाचा रिअल टॅग आम्ही यूडीटीच्या शेवटी वेगळा घातला होता. मी चहा घ्यायला उठलो. तेवढ्यात याने लोडच्या खिडकीत जिथे जिथे टिक मागितली तिथे दिली. न वाचता. यूडीटी बदलली म्हणजे डीबीची रचना बदलली, आणि खिडकी सरळ सांगत होती की हा डीबी री-इनिशिअलाइझ होणार, म्हणजे चालू व्हॅल्यू पुसून सुरुवातीच्या येणार. मोटरींबरोबर सीलिंग जॉचं (पाउच चिकटवणाऱ्या गरम जबड्यांचं) ठरवलेलं तापमानही त्याच डीबीत होतं. सगळ्या व्हॅल्यू स्टार्ट व्हॅल्यूवर आल्या, म्हणजे शून्यावर. जॉ थंड, पाउच उघडे, आणि शिफ्ट इनचार्ज आमच्या डोक्यावर उभा.

अपलोड केलेल्या प्रतीतही त्या व्हॅल्यू नव्हत्या, अपलोडमध्ये स्टार्ट व्हॅल्यू येतात. चालू व्हॅल्यूंसाठी ऑनलाइन जाऊन डीबीचा स्नॅपशॉट घ्यावा लागतो, तोही रचना बदलण्याआधी. मग तो स्टार्ट व्हॅल्यूवर कॉपी करायचा आणि त्यानंतरच डीबीला हात लावायचा. मी स्नॅपशॉट घेतला नव्हता. ही चूक पोराची नाही, माझी.

वाचवलं जुन्या ऑपरेटरने. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने मार्करने लिहून ठेवलं होतं: वरचा जॉ १६५, खालचा १५८, खाली प्रत्येक पाउचसाठी वेगळा आकडा. आता कुठल्याही साईटवर गेलो की लॅपटॉप उघडण्याआधी मी दाराच्या आतला फोटो काढतो.