गाडी मध्येच अडखळते, सायलेन्सरमधून फटके मारते? दोष शोधायचा असा

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडते, मग झटका देऊन सुटते. मधूनच सायलेन्सरमधून ‘फाट्’ असा आवाज येतो. आणि गॅरेजमध्ये नेली की काहीच झालं नसल्यासारखी चालते. अशा गाडीत अंदाजाने प्लग, मग फिल्टर, मग पंप बदलत जाणं हा सगळ्यात महागडा उपाय. दोष सतत नसेल तर तो कधी येतो, हे आधी पकडायचं. पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं.

आठवडाभर नोंद ठेवा: इंजिन थंड होतं की तापलेलं, पाऊस होता का, चढ होता का, पेट्रोलवर होती की सीएनजीवर, टाकीत पेट्रोल किती होतं. नाशिककरांना चाचणीसाठी लांब जावं लागत नाही. घोटी-इगतपुरीच्या पावसात अडखळते आणि कोरड्या हवेत ठीक चालते, तर संशय कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), हाय टेन्शन वायर आणि प्लगवर. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना, जोर लावल्यावरच मार खाते, तर इंधन कमी पडतंय किंवा दाबाखाली ठिणगी विझतेय. निफाडकडच्या थंडीत सकाळची पहिली काही मिनिटंच त्रास होतो, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर, मळलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) किंवा हवेची गळती बघा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत तापल्यावर बंद पडते आणि थोडी थंड झाली की सुरू होते, तर क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते सांगणारा) आधी तपासा. तो तापल्यावर सिग्नल सोडतो.

आवाज कुठून येतो तेही ऐका. सायलेन्सरमधून फटका म्हणजे न जळलेलं इंधन बाहेर जाऊन तिथे पेटतंय: मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), जास्त पेट्रोल किंवा एक्झॉस्टच्या जोडाला गळती. एअर फिल्टरच्या बाजूने फटका म्हणजे बहुधा मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, इंधन कमी), टायमिंग चुकलंय किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. जुन्या पद्धतीच्या, मिक्सरवाल्या सीएनजी किटमध्ये असा फटका फिल्टरचा डबाही फोडू शकतो, तेव्हा तो चालवून घेऊ नका.

आता स्कॅनर. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, घरी असावाच. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा, मोबाइलवर वाचा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०० म्हणजे ठराविक एकाचा नाही, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पण नुसत्या कोडवर थांबू नका, फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतोय (अधिक) किंवा घटवतोय (उणे) त्याचे, आकडे बघा. शॉर्ट (तात्पुरत्या) आणि लाँग (दीर्घकालीन) ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) अधिक २० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गॅस्केटमधून हवा आत येतेय. आयडलला ठीक, पण जोर लावल्यावर आकडा चढत जातो, तर पेट्रोल कमी पोहोचतंय: फिल्टर, पंप किंवा दाब. एवढा एक फरक ओळखता आला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

एकाच सिलिंडरचा कोड असेल तर बदलाबदलीचा खेळ करा. इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपापसात बदला, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०१ जाऊन पी०३०३ आला, तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही, तर तसंच प्लगचं करा, मग इंजेक्टरकडे (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा भाग) वळा. चालू इंजिनवर कॉइल ओढून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ बघायची सवय वाईट: शॉक बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) जाळतं. बघायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढा.

प्लग काढलाच आहे तर उजेडात नीट निरखा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही. पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळतेय. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बूटमध्येही असते. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर महिन्याभरात तीच रेघ परत येते, बूटही बदला. मात्र चिनी माती धातूत शिरते तिथलं फिकट तपकिरी वलय दोष नसतो. त्यावरून प्लग बदलायला सांगणारे बरेच भेटतील. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय.

प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. पेट्रोलवर तो अनेकदा १ मिलिमीटरच्या आसपास असतो. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून किटवाले तो ०.७ ते ०.८ ठेवतात. म्हणूनच गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मार खात असेल, तर किटला दोष देण्याआधी प्लग-कॉइल तपासा. उलट, फक्त पेट्रोलवर अडखळत असेल तर टाकी बघा. सीएनजीवाले टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात. ते शिळं होतं, आणि पंपाला थंडावा न मिळाल्याने तो लवकर जातो. पाव टाकी तरी ठेवा.

पावसाळ्यात बाहेर उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, विशेषतः शेताजवळ. आयडलवर गाडी ठेवून एकेक सॉकेट हळूच हलवा, हात फॅन-बेल्टपासून लांब. इंजिन दचकलं की जागा सापडली. रात्री अंधारात कॉइल आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. हात लावायचा नाही.

बॅटरी तपासायला विसरू नका. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक) मधूनच भरकटतो.

इंधनाचा दाब मोजणं मात्र गॅरेजचं काम. पाइप दाबाखाली असतो. मोजून घ्या म्हणजे आकडा मिळतो, अंदाज नाही. कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची तपासणी वरच्या सगळ्यातून काही निघालं नाही तरच.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर चाचण्या थांबवून गाडी बाजूला घ्या. आणि दुरुस्तीनंतर कोड पुसले की ट्रिमही पुसले जातात, त्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडल थोडा हलेल. त्यावरून निकाल लावू नका.