नोकरी सांभाळून स्वतःची गाणी करताय? मग या चुका टाळा

पुण्या-मुंबईत स्वतःची गाणी करणाऱ्यांपैकी बहुतेक जण सोमवार ते शुक्रवार दुसरंच काहीतरी करत असतात. कोणी हिंजवडीत कोड लिहितं, कोणी बँकेच्या काउंटरवर बसतं, कोणी शाळेत गणित शिकवतं. आपल्याकडे हे नवीनही नाही. वसंतराव देशपांड्यांनी कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर होते. तेव्हा ‘नोकरीमुळे गाणं होत नाही’ ही तक्रार ऐकली की आधी एकच विचारावंसं वाटतं : हाताशी असलेल्या वेळात तुम्ही नेमकं कोणतं काम करता? अर्धवट पडलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डोकावलं तर बहुतेक वेळा दिसतं ते हेच, की ताज्या डोक्याची कामं थकलेल्या तासांत ढकललेली असतात आणि ताजे तास फोल्डर आवरण्यात गेलेले असतात.

रात्री अकरानंतर मिक्सिंग

सगळ्यात जास्त गाणी इथेच बिघडतात. रात्री जेवणखाण उरकून हेडफोन लावले, दीड वाजेपर्यंत मिक्स केलं, म्हणजे सगळ्या ट्रॅकचे आवाज एकमेकांत बसवले, कमाल वाटलं. सकाळी ऑफिसला जाताना तेच ऐकलं तर बास (खालचे स्वर) नुसता घुमतोय आणि गाण्याचे शब्द कुठेतरी मागे गेलेत.

याची कारणं दोन. पहिलं, दिवसभर कॉलवर हेडसेट लावलेले आणि येता-जाता लोकलचा किंवा ट्रॅफिकचा आवाज सोसलेले कान रात्री थकलेले असतात. थकलेल्या कानांना वरच्या पट्टीतला तिखटपणा नीट कळत नाही, मग आपण ‘अजून जरा ब्राइट’ करत जातो. दुसरं, घरचे झोपलेले असतात म्हणून आपण आवाज हळू ठेवतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की, आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. म्हणजे हळू ऐकत बास ‘बरोबर’ केला की मोठ्याने लावल्यावर तो हमखास जास्त होतो. हळू ऐकण्याला अर्थात स्वतःचा एक उपयोग आहे. गायकाचा आवाज आणि स्नेअर (ड्रम सेटमधला कडक वाजणारा ड्रम) पुढे आहेत की नाही हे हळू आवाजातच सर्वांत चांगलं कळतं. पण बासचा निकाल तिथे लावू नये.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मिक्सिंग शनिवारी सकाळी, चहानंतर, एकाच ठरलेल्या व्हॉल्यूमवर करा. साधारण तासाभराने उठून गॅलरीत उभे राहा. तुमच्या गाण्याच्या जातीचं, चांगलं मिक्स झालेलं एक गाणं प्रोजेक्टमध्येच टाकून ठेवा आणि त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली आणून मध्येमध्ये ऐका. आवाज जुळवला नाही तर मोठ्याने वाजणारं गाणं नेहमीच चांगलं वाटतं आणि तुलनेला काही अर्थ उरत नाही.

रात्रीसाठीही भरपूर काम उरतं. टेक (एकेका वेळी केलेलं रेकॉर्डिंग) ऐकून चांगल्या ओळी निवडणं, श्वासांमधली खरखर कापणं, ट्रॅकना नावं देणं, शब्द लिहिणं, ईमेलना उत्तरं देणं. यातलं काही थकलेल्या कानांनी बिघडत नाही. लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकता तेव्हाही रचनेपुरत्याच नोंदी करा : दुसरा अंतरा लांबतोय, मधलं म्युझिक आधी यायला हवं. गाडीच्या धडधडीत खालचे स्वर बुडतात, त्यामुळे तिथे बासबद्दल मत बनवू नका.

आणि शेजाऱ्यांचं काय? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. गिटार ॲम्प्लिफायर ४५ डेसिबलमध्ये बसत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय निघण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दिवसभर बोलून संध्याकाळी गायला उभं राहणं

शिक्षक, सेल्समधले लोक, सपोर्टच्या शिफ्टवाले यांचा गळा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. मग बारा टेक होतात, प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा वाईट निघतो आणि दोष माइकला जातो. गाणं सुट्टीच्या दिवशी, उठून दोन-तीन तास झाल्यावर, आवाज थोडा मोकळा करून रेकॉर्ड करा. कामाच्या दिवशी रेकॉर्ड करायलाच हवं असेल तर डमी व्होकल (तात्पुरता गायलेला आवाज) घ्या आणि तो डमीच आहे हे फाइलच्या नावातच लिहा, नाहीतर पुढे तोच फायनल होतो.

घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद, फ्रिज असलेली खोली टाळायची, कुकरच्या शिट्ट्या कधी होतात ते घरच्यांना विचारून ठेवायचं. भिंतींवर फोम चिकटवण्याआधी गायकाच्या मागे एक जाड गोधडी टांगून बघा. लेव्हलची भीतीही सोडा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात मोठा स्वर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आला की पुरे. लाल दिवा लागेपर्यंत गेन (माइकच्या आवाजाची पातळी) चढवणं ही कॅसेटच्या जमान्यातली सवय आहे.

सगळा भार रविवारवर टाकणं

‘आठवडाभर जमत नाही, रविवारी आठ तास बसतो.’ या रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा, पुढच्या रविवारी पाहुणे, त्याच्या पुढच्या रविवारी निव्वळ झोप. आणि समजा आठ तास मिळालेच, तर पहिला तास केबल शोधण्यात, दुसरा सॉफ्टवेअर अपडेट करण्यात आणि तिसरा ‘मागच्या वेळी आपण कुठे होतो’ हे आठवण्यात जातो.

आठवड्यात तीन संध्याकाळी चाळीस मिनिटं मिळाली तर ती जास्त कामी येतात, पण एका अटीवर : बसल्यापासून दोन मिनिटांत काम सुरू व्हायला हवं. त्यासाठी थोडी बेगमी लागते. माइक स्टँडवरच राहू द्या, वर कापड टाका. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नेहमीच्या ट्रॅकची टेम्प्लेट करून ठेवा : गिटार, व्होकल, तबल्याचे दोन माइक, रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट), सगळं जोडलेलं. वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर रेकॉर्डिंगला बफर (कॉम्प्युटर आवाज किती तुकड्यांत हाताळतो ती सेटिंग) ६४ किंवा १२८ वर आणायचा आणि मिक्सला तो पुन्हा ५१२ किंवा १०२४ वर न्यायचा. हे दर वेळी शोधून काढण्यापेक्षा दोन टेम्प्लेट ठेवा. उठताना प्रोजेक्टच्या नोट्समध्ये एक ओळ लिहा : ‘पुढच्या वेळी : दुसऱ्या कडव्याची हार्मनी.’ गाणं कधीच पूर्ण न होणाऱ्यांना मी आधी ही एवढी एक गोष्ट करायला सांगतो.

अप्रेझल झालं की नवा माइक

पगारदार संगीतकाराला हा धोका जास्त, कारण हातात पैसा असतो आणि वेळ नसतो. खरेदीला मात्र वेळ लागत नाही. जुन्या सामानावर तीन गाणी पूर्ण होऊन बाहेर पडली की मग नवीन काय हवं ते आपोआप कळतं. नवं काही घ्यायचंच असेल तर बॅकअपसाठी एक हार्ड डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.

ऑफिसचा लॅपटॉप आणि न वाचलेला करार

ऑफिसचा लॅपटॉप घरच्या जुन्या मशीनपेक्षा वेगवान असतो, म्हणून प्रोजेक्ट त्यावरच उघडलं जातं. हे करू नका. नोकरी गेली किंवा सोडली की त्याच दिवशी मशीन परत द्यावं लागतं, कधी दुरूनच लॉक होतं, आणि वर्षभराचे टेक आत राहतात. पायरेटेड प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकला असेल तर तो कंपनीच्या सुरक्षा तपासणीत सापडतो आणि मग चर्चा गाण्याची होत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे तुमचा करार. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे निर्माण होतं, त्याचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा म्हणजेच कंपनी असते. तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टर असाल आणि घरी, स्वतःच्या सामानावर, सुट्टीत चाल लावली असेल तर ती नोकरीच्या कामाचा भाग ठरत नाही. पण अनेक कंपन्यांच्या करारात यापेक्षा रुंद कलम असतं : नोकरीच्या काळात तयार केलेली सगळी बौद्धिक संपदा कंपनीची. शिवाय ‘दुसरा कोणताही व्यवसाय लेखी परवानगीशिवाय नाही’ अशी ओळ असते ती वेगळीच. जॉइन होताना ती कोणी वाचत नाही. आता वाचा आणि एचआरला साधा ईमेल टाका : मी सुट्टीच्या वेळेत स्वतःच्या साधनांवर संगीत करतो, त्याचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही, हरकत नसल्याचं कळवा. उत्तर आलं की ते स्वतःच्या ईमेलवर किंवा कागदावर जपून ठेवा. जाहिरात, गेमिंग किंवा मीडिया कंपनीत, आवाजाशी संबंधित कामावर असाल तर मात्र ईमेलवर भागणार नाही. वकिलाला एकदा करार दाखवा.

सरकारी नोकरांचं गणित निराळं. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत साहित्यिक किंवा कलात्मक स्वरूपाचं अधूनमधून केलेलं काम, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, चालतं. पण त्याचं मानधन घ्यायचं असेल तर मंजुरी लागते. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पहिला पैसे घेऊन केलेला कार्यक्रम होण्याआधी आस्थापना शाखेत अर्ज द्या, नंतर नको.

रिलीजची तारीख ऑफिसचं कॅलेंडर न बघता ठरवणं

बँकेत किंवा अकाउंट्समध्ये आहात आणि गाणं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढताय? प्रमोशन कोण करणार? आयटीवाल्यांनी मोठं गो-लाइव्ह (नवी प्रणाली सुरू होण्याचा दिवस) बघून तारीख टाळावी. गणपतीच्या आधीचा पंधरवडाही, गाणं गणपतीचं नसेल तर, सोडून द्यावा. तेव्हा महाराष्ट्रातला प्रत्येक कानाकोपरा बाप्पाच्या नव्या गाण्यांनी भरलेला असतो आणि तुमचं हळवं प्रेमगीत कोणाच्या गावी नसतं.

गाणं डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) किमान तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायची सोय प्रदर्शनाआधीच वापरता येते, आणि किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, जातं. गुरुवारी रात्री अपलोड करून शुक्रवारी गाणं मागणाऱ्यांच्या हातून ही संधी दर वेळी निसटते. कव्हरचं चित्र, शब्द, श्रेयनामावली हे सगळं त्या तीन आठवड्यांतल्या थकलेल्या रात्रींचं काम. आणि वार्षिक वर्गणी घेणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका. वर्गणी चुकली की काही ठिकाणी गाणी खाली उतरतात.

स्ट्रीमच्या पैशावर हिशेब मांडणं

२०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्याची रेकॉर्डिंग रॉयल्टी मोजलीच जात नाही. म्हणून कोणीतरी इन्स्टाग्रामवर ‘दोन हजारांत पन्नास हजार स्ट्रीम’ विकायला येतो. तो बॉट, म्हणजे आपोआप गाणं वाजवत राहणारे प्रोग्राम, लावतो. पकडलं गेलं की स्ट्रीम वजा होतात, गाणं काढलं जाऊ शकतं, आणि ठळक प्रकरणांत स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, तो फिरून तुमच्याकडे येतो. त्या दोन हजारांत एक चांगला ढोलकीवाला दोन तास येईल.

जे थोडेफार पैसे येतात ते आयकर विवरणात दाखवा. फॉर्म १६ वर विसंबून साधा आयटीआर-१ भरून मोकळं होण्याची सवय इथे अडचणीत आणते. कार्यक्रमाच्या मानधनावर कापलेला टीडीएस २६एएस या कर-पत्रकात दिसत असतो आणि व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-१ मध्ये बसत नाही. खर्चाची बिलं ठेवा, सीएला एकदाच नीट सांगा.

मित्रांमध्ये ‘नंतर बघू’

सगळे नोकरदार, सगळे मित्र, म्हणून कागद कोणी करत नाही. मग एकाची बदली बंगळूरला होते, दुसरा कॅनडाला जातो आणि तीन वर्षांनी वेब सिरीजवाले गाणं मागतात तेव्हा सही कोणाची घ्यायची हेच कळत नाही.

आपल्या कायद्यात एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क एक, चाल लावणाऱ्याचा दुसरा आणि रेकॉर्डिंगचा पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्याचा तिसरा. तिन्हींची टक्केवारी एका पानावर लिहा, तारीख टाका, सगळ्यांच्या सह्या घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून लेबलने पाठवलेल्या कागदात या दोन ओळी आधी शोधा. गीतकार आणि संगीतकार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. सदस्य होऊन गाणी न नोंदवणारेही पुष्कळ आहेत. बँडमधला एक जण, शक्यतो ज्याला एक्सेलचा कंटाळा नाही असा, हे काम अंगावर घेतो. त्याला टक्का जास्त देणार की जेवणावर भागवणार, तेही त्याच पानावर लिहा.