कादंबरीतील पात्रांची नावे कशी ठरवावीत

पात्राचे नाव आपण ठरवत असलो, तरी कथेच्या जगात ते बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात सांगितलेले असते. म्हणून नाव शोधण्याआधी पात्राचे जन्मसाल, गाव आणि घरातील कुलदैवत लिहून ठेवावे. १९४० च्या सुमारास निफाडकडच्या शेतकरी घरात जन्मलेला मुलगा निवृत्ती, त्र्यंबक किंवा खंडेराव असणे स्वाभाविक आहे, कारण संत निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे आणि खंडोबा अनेक घरांचे कुलदैवत आहे. त्याचा पणतू मात्र सार्थक किंवा आर्यन असेल. काळाराम मंदिर सत्याग्रहात, म्हणजे १९३० मध्ये, तरुण असलेल्या धोंडिबाचा नातू १९५६ च्या धर्मांतरानंतर जन्मला, तर त्याचे नाव मिलिंद किंवा सिद्धार्थ ठेवावे. आजोबा आणि नातू यांच्या नावांतील हे अंतर वाचकाला जे सांगते, ते वेगळ्या परिच्छेदात समजावण्याची गरज उरत नाही.

आडनाव ही अधिक नाजूक बाब आहे, कारण त्यावरून वाचक जात, तालुका आणि आर्थिक स्थिती यांचा अंदाज बांधतोच. सुरगाण्याच्या पाड्यावर गावित किंवा भोये, मालेगावच्या यंत्रमागावर अन्सारी आणि सिडकोतील चाळीवजा घरात खानदेशातून आलेले अहिरे किंवा पाटील सहज शोभतात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात सगळेच कामगार कुलकर्णी आणि देशमुख असतील, तर ती कादंबरी पहिल्याच प्रकरणात खोटी वाटते. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव बनवणे सोपे असले, तरी असे आडनाव सहसा गाव सोडून गेलेल्या घराला चिकटते, त्यामुळे सिन्नरकर सिन्नरमध्ये न दाखवता नाशकात दाखवावेत. खलनायकाला शक्यतो नायकाच्याच समाजातील आडनाव द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव एकच असेल, असे गृहीत धरू नये. ज्ञानेश्वर घरात ज्ञाना असतो, पारावर माऊली होतो आणि उतारवयात नुसता नाना उरतो. जुन्या घरातील पत्नी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते आणि त्याचे नाव फक्त उखाण्यात घेते, तर तिचे स्वतःचे माहेरचे नाव लग्नात बदललेले असू शकते. दत्तकविधानानेही नाव पालटते: नाशिकचे कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर होते आणि दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. अशी दोन नावे हाती असतील, तर कोण कोणते नाव वापरतो, यावरून नाती संवादातच उलगडतात.

सुनंदा, सुनीता आणि सुमन यांना एकाच घरात नांदवू नये, कारण भरभर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. निवडलेले पूर्ण नाव त्याच गावातील एखाद्या खऱ्या व्यक्तीचे नाही ना, हेही पाहावे.

नाव शक्यतो पहिल्या खर्ड्यातच पक्के करावे. पुढे संगणकावर ‘रमा’च्या जागी ‘उषा’ असा सरसकट बदल केला, तर ‘परमार्थ’चा ‘पउषार्थ’ होतो आणि ‘रमेला’, ‘रमेने’ ही रूपे तशीच मागे राहतात. त्यामुळे प्रत्येक विभक्तिरूप स्वतंत्रपणे शोधून, एकेक जागा पाहूनच बदल करावा.