मेथाडोन केंद्रात हिपॅटायटिस सी: खर्चाचा हिशेब कसा मांडावा

मेथाडोन म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावर रोज दिले जाणारे औषध. ते देणाऱ्या केंद्रात हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर उपचार करताना गोळ्यांच्या किमतीवर अडू नका; बऱ्या झालेल्या एका माणसामागे किती खर्च आला ते काढा. भारतात राष्ट्रीय कार्यक्रमातून २०१८ पासून औषधे मोफत मिळतात. म्हणजे केंद्राकडे उरतो तो मुख्यतः मनुष्यबळाचा आणि पाठपुराव्याचा खर्च.

अँटिबॉडी चाचणी (विषाणूची लागण कधीतरी झाल्याची खूण) पॉझिटिव्ह आली की त्याच बैठकीत आरएनए चाचणीसाठी (विषाणू आत्ता शरीरात आहे का ते पाहणारी) रक्त घ्या. ‘उद्या या’ म्हटले की माणसे गळतात. साधारण चौघांतल्या एकाचा विषाणू आपोआप गेलेला असतो, त्याला औषध लागत नाही.

सिरोसिस (यकृतात कायमचे व्रण पडून ते कठीण होणे) नसल्यास सोफोसबुविर ४०० आणि डाक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. मेथाडोनचा डोस बदलावा लागत नाही. रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे औषध चालू असेल तर मात्र ही जोडी देऊ नका. रोजच्या मेथाडोनबरोबरच गोळ्या समोर द्या, चुकण्याचे प्रमाण घटते.

औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासा. समजा १०० जणांपैकी ९० निगेटिव्ह आले, तर एकूण खर्चाला १०० ने नव्हे, ९० ने भागा. पुन्हा लागण शोधायला दरवर्षी आरएनएच हवी. अँटिबॉडी बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते. बरा झालेला माणूस इतरांना लागण देत नाही; अशा टळलेल्या नव्या लागणी हिशेबातून सुटल्या, तर उपचार आहे त्यापेक्षा महाग दिसतो.