घरच्या ऑसिलोस्कोपवर मध्यरेषेजवळ उठणारे काटे: माझा अनुभव

फोंड्यात घरी बांधलेल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं घडवता येणारी चिप; ८ बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे ० ते २५५ आकडे करणारी चिप; क्लॉक, म्हणजे ठेका देणारा सिग्नल, ४० मेगाहर्ट्झ) साइन लहर मध्यरेषा ओलांडताना उभे काटे दिसायचे. पावसाळ्यातली दमट हवा असेल म्हणून बोर्ड वाळवला, प्रोब बदलला, कपॅसिटर वाढवले. नुसता वैताग.

संथ रॅम्प (हळूहळू चढणारा व्होल्टेज) दिल्यावर उलगडा झाला: काटे फक्त एडीसीचा आकडा मधोमध, १२७ वरून १२८ वर जाताना. तिथे ०१११११११ चे १००००००० होते, आठही बिट एकदम पलटतात, आणि एफपीजीए नेमका त्याच क्षणी वाचत होता.

आधी एडीसीचं क्लॉक एफपीजीएच्या डीडीआर आउटपुट रजिस्टरमधून (क्लॉकच्या दोन्ही कडांवर बिट बाहेर देणारा साठा) बाहेर काढलं. मग डेटाचे इनपुट रजिस्टर आयओ ब्लॉकमध्ये (चिपच्या पिनलगतच्या भागात) बसवले. वाचन क्लॉकच्या उतरत्या कडेवर नेलं. अर्धं आवर्तन म्हणजे १२.५ नॅनोसेकंद सरकलं. शेवटी एडीसीच्या डेटाशीटमधला (माहितीपत्रकातला) आउटपुट विलंब टायमिंगच्या फाइलमध्ये इनपुट डिले म्हणून लिहिला (हे टाळू नका). पुन्हा कंपाइल केलं, काटे गेले.